जुनं फर्निचर घेताना कीड घरात येऊ नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातलं बहुतेक लाकूडसामान मी दुसऱ्याच्या हातचंच घेत आलेय. जुन्या लाकडाची घडण चांगली असते आणि एखादी वस्तू निव्वळ कंटाळा आला म्हणून फेकली जाताना बघवत नाही. एकदा मात्र एका गादीवाल्या खुर्चीबरोबर मी ढेकूण घरी आणले आणि पुढचे चार महिने त्यांच्या मागे गेले. तेव्हापासून ओळखीतलं कुणी जुनं सामान घ्यायला निघालं की आधी मला फोन करतं. त्या फोनांवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न खाली घेतले आहेत.

जुन्या सामानाबरोबर नेमकं काय काय घरात येऊ शकतं?

ढोबळमानाने दोन जाती समजा. पहिली जात लाकूडच खाणारी: वाळवी आणि लाकूड पोखरणारे भुंगेरे. दुसरी जात त्या वस्तूत नुसती भाड्याने राहणारी: ढेकूण, झुरळं, पिसवा, कधीकधी उंदीर. शिवाय कसर आणि लोकर-पिसं खाणारे केसाळ किडे असतात. ते कपडे, कागद आणि गालिचे नासवतात, पण झोप उडवत नाहीत.

हा फरक कामाचा आहे. लाकूड खाणारी कीड सहसा सावकाश चालते. ती त्या वस्तूत महिनोन्‌महिने मुक्काम करते, त्यामुळे ओळखायला आणि निस्तरायला वेळ मिळतो. भाडेकरू मात्र पहिल्याच रात्री दुसरी खोली बघून येतात. म्हणून मी भीतीचा क्रम असा लावते: आधी ढेकूण, मग झुरळं, मग बाकी सगळं. लोक नेमकं उलटं करतात. लाकडाला पडलेली चार भोकं बघून चांगलं टेबल सोडून देतात आणि मऊ सोफ्यावर टेकून बघून लगेच सौदा करतात.

ढेकूण दिसत नसतील तर ते आहेत हे कळणार कसं?

दिवसा ढेकूण दिसला तर समजा आत गर्दी झाली आहे. एरवी दिसतात त्या त्याच्या खुणा. पूर्ण वाढलेला ढेकूण साधारण ५ मिलिमीटर लांब, चपटा आणि तांबूस-तपकिरी असतो. रक्त प्यायला की फुगून लांबट होतो. पिल्लं फिकट, जवळजवळ पारदर्शक. अंडी जेमतेम १ मिलिमीटरची, पांढरी आणि चिकटवल्यासारखी. अंडी शोधत बसलात तर डोळे फुटतील, म्हणून विष्ठेचे डाग शोधा. शाईचं पेन टेकवून उचलावं तसे बारीक काळे ठिपके असतात. कापडावर ते किंचित पसरलेले दिसतात, लाकडावर फुगीर टिंबासारखे. ओल्या कापसाने पुसल्यावर तांबूस-काळपट रंग फरपटत गेला तर संशय पक्का. दुसरी खूण म्हणजे कात. मोठा होईपर्यंत ढेकूण पाच वेळा कात टाकतो, आणि ती पोकळ, फिकट तपकिरी टरफलं फटीत साचून राहतात.

ढेकूण माणसांत रोग पसरवतो असं आढळलेलं नाही. पण खाज, जागरण आणि पाहुण्यांना बोलवायची धास्ती एवढं पुरेसं आहे.

वस्तू बघायला जाताना बरोबर काय न्यावं?

चांगला टॉर्च न्या. मोबाइलचा चालतो, पण छोटा वेगळा टॉर्च फटीत तिरपा धरता येतो. एक बाद झालेलं बँकेचं कार्ड, स्क्रूड्रायव्हर, पांढरा कागद, पारदर्शक चिकटपट्टी आणि हातमोजे घ्या. जवळची नजर कमी असेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा, भिंगापेक्षा सोपं पडतं. आणि दिवसा जा. संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली बघितलेल्या सोफ्यावर माझा विश्वास नाही.

सोफा किंवा गादीवाली खुर्ची कशी तपासायची?

आधी बसून बघायचं नाही. बसून बघितली की आवडते, आणि आवडली की डोळे झाकले जातात. पहिलं काम म्हणजे ती उलटी करायची. विकणारा म्हणेल, "अहो, जड आहे, कशाला उलटी करताय?" तरी करायची. तो अगदीच तयार नसेल तर तो सौदा तिथेच सोडते.

उलट्या सोफ्याच्या तळाला बहुतेक वेळा काळं किंवा पांढरं पातळ कापड स्टेपल पिनांनी ठोकलेलं असतं. ते जिथे लाकडाला भिडतं ती कडा टॉर्च तिरपा धरून चारी बाजूंनी बघा. पिनांच्या रांगेलगतची बारीक सुरकुती ही ढेकणांची लाडकी जागा. तिथे ठिपके आहेत का? कापड फाटलं असेल तर आत टॉर्च टाका. परवानगी मिळाली तर एका कोपऱ्याच्या चार-पाच पिना काढून आतली चौकट बघा. आतले आडवे दांडे, कोपऱ्यातले ठोकळे, स्प्रिंग जिथे लाकडाला बसवलेली असते ती जागा.

मग सोफा सरळ करून सुटी कुशनं बाहेर काढा, चेन उघडा आणि चेनीच्या घडीच्या आतून बोट फिरवा. बसायच्या जागेची आणि पाठीची जिथे गाठ पडते त्या खोबणीत जुनं कार्ड घालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू ओढत न्या. बाहेर जे येईल ते पांढऱ्या कागदावर झटका: केस, नाणी, कागदाचे कपटे, आणि त्यात काही टरफलं आहेत का ते बघा. कार्ड जिथे शिरतं तिथे ढेकूण शिरतो, एवढं मोजमाप डोक्यात ठेवलं तरी पुरे. कडेच्या गोल पायपिंगची शिवण नखाने मागे दुमडून बघा. बटणं खोलवर ओढलेली असतील तर प्रत्येक बटणाखाली बघा. हाताच्या दांड्यांखाली, पायांच्या स्क्रूच्या भोकात आणि पायांच्या रबरी टोपणांतही बघायचं.

माझी ढेकणांची खुर्ची मी यातलं काहीही न करता घेतली होती. घरी आणून तीन आठवडे झाल्यावर पाठीच्या वरच्या कडेला, जिथे कापड लाकडाखाली दुमडून खिळलेलं होतं, तिथे टॉर्च धरला. काळ्या ठिपक्यांची सलग ओळ होती, टिंबांनी आखलेल्या रेषेसारखी. खुर्ची घेताना त्या ओळीपासून माझी नजर हातभरही दूर नव्हती.

लाकडी कपाट, टेबल, पलंग यांत काय बघायचं?

दर्शनी बाजूला वेळ घालवू नका. तिला पॉलिश असतं, आणि विकायच्या आधी ते नव्याने मारलेलंही असू शकतं. कीड शिरते ती न रंगवलेल्या भागातून: पाठीची फळी, ड्रॉवरचा तळ, टेबलाच्या खालची बाजू, पायांचे तळवे. सगळे ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि रिकाम्या सांगाड्यात टॉर्च टाका. ड्रॉवर सरकतो त्या चॅनेलच्या मागे झुरळांची घाण सापडते, चहाच्या भुकटीसारखी.

बोटाच्या पेराने लाकडावर ठोकत जा. भरीव लाकूड टणक वाजतं, आतून खाल्लेलं पोकळ आणि मऊ. शंका आली तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. सहज रुतलं तर वरचा पापुद्रा तेवढा शिल्लक आहे. पलंग असेल तर डोक्याकडची फळी सर्वांत बारकाईने बघा, कारण माणूस जिथे डोकं ठेवतो तिथून ढेकूण लांब जात नाही. पलंगाच्या बाजूपट्ट्या ज्या लोखंडी खाचांत अडकतात त्या जागाही सोडू नका.

लाकडाला बारीक भोकं आहेत. म्हणजे कीड अजून जिवंत आहे का?

असेलच असं नाही. ते भोक म्हणजे किडा बाहेर पडल्याची खूण. अळी लाकडाच्या आत बोगदे करत वाढते, मोठी झाली की भुंगेरा होऊन भोक पाडून निघून जाते. शंभर वर्षांपूर्वी निघून गेली असली तरी भोक राहतंच.

भोकाची कड बघा. आतला रंग ताजा, फिकट आणि कड धारदार असेल तर भोक नवं. आत धूळ, पॉलिश किंवा मेण भरलं असेल तर जुनं. मग भुकटी बघा. १ ते २ मिलिमीटरची गोल भोकं आणि अंगाला लावायच्या पावडरीसारखी मऊ भुकटी असेल तर लिक्टस जातीचे भुंगेरे. हे रुंद पानांच्या झाडांच्या लाकडातला बाहेरचा पांढरट भाग खातात, कारण स्टार्च त्यात असतो. आतल्या गडद गाभ्याला ते सहसा हात लावत नाहीत. भुकटी बोटांत चोळल्यावर खरखरीत लागली तर दुसऱ्या जातीचे भुंगेरे. त्यांच्या अळ्या दोन ते पाच वर्षंही लाकडात राहतात आणि त्यांना थोडी ओल लागते.

घरी करायची खात्रीची चाचणी सोपी आहे. भोकांतली भुकटी ब्रशने आणि व्हॅक्यूमने पूर्ण काढा. भोकांवर पातळ कागद चिकटवा, वस्तूखाली काळा कागद पसरा आणि तारीख टाका. माझ्या एका छोट्या मांडणीखाली पहिले पाच दिवस काहीच पडलं नाही. सहाव्या दिवशी सकाळी डाव्या मागच्या पायाशी टाचणीच्या डोक्याएवढा पिठाचा ढीग होता, त्याच्या वरच्या बाजूला शंकूसारखं टोक. पुसला, दोन दिवसांनी पुन्हा तिथेच. म्हणजे आत कुणीतरी जेवत होतं. पण एक सावधगिरी: वस्तू हलवली, आपटली की जुन्या बोगद्यांतली भुकटीही सांडते. म्हणून पहिल्या दिवसाच्या ढिगावरून निकाल देऊ नका. आणि किडे ठरावीक हंगामात बाहेर पडतात, त्यामुळे एक महिना काही पडलं नाही तरी कागद लगेच उचलू नका.

वाळवी लागलेली वस्तू आणली तर घरभर वाळवी होईल का?

वाळवी कुठली आहे त्यावर ते ठरतं. जमिनीतून येणारी वाळवी मातीच्या नळ्या बांधत चढते. तिला ओलावा आणि वारुळाशी संबंध हवाच. वस्तू तिथून उचलली की आत अडकलेल्या कामकरी वाळव्या सहसा सुकून मरतात. अशा वस्तूत वाळवीपेक्षा लाकूड किती उरलंय ही काळजी जास्त.

कोरड्या लाकडातली वाळवी मात्र अख्खा संसार लाकडातच मांडते. तिला मातीची गरज नसते, नळ्याही बांधत नाही. तिची खूण म्हणजे खसखशीसारखे बारीक, कोरडे, घट्ट दाणे. एकेक दाणा साधारण १ मिलिमीटरचा, आणि भिंगातून बघितल्यास त्याला सहा बाजू दिसतात. ती तिची विष्ठा. बारीक भोकातून ढकलून बाहेर टाकलेली असते. भुंगेऱ्यांची पडते ती भुकटी, वाळवीचे पडतात ते दाणे, एवढं लक्षात ठेवलं तर गल्लत होत नाही. जवळपास गळून पडलेले एकसारखे पारदर्शक पंख दिसले तर तीही वाळवीचीच खूण. असे दाणे सापडले की मी वस्तू घेत नाही, कितीही आवडली तरी. आतली वसाहत किती मोठी आहे हे बाहेरून कळत नाही, आणि तिचे पंखवाले किडे उद्या घराच्या चौकटीत जाऊन बसू शकतात.

जाता जाता, टेबलाखाली चिकटलेला मातीचा गोळा बघून घाबरू नका. ते बहुतेक वेळा कुंभारीण माशीचं घर असतं. वाळवीची माती नळीसारखी लांबत जाते. कुंभारणीची छोट्या मडक्यासारखी किंवा लिंपलेल्या गोळ्यासारखी असते. ती लाकूड खात नाही. खरवडून टाका.

वेत आणि बांबूचं सामान?

बांबूत स्टार्च भरपूर, म्हणून भुंगेऱ्यांना तो फार आवडतो. वस्तू उचलून पांढऱ्या कागदावर हलकेच आपटा आणि काय पडतं ते बघा. वेताच्या विणीत ढेकणांना लपायला हजार जागा असतात आणि तिथे ना कार्ड चालतं ना टॉर्च. गाठींच्या मागे एकही काळा ठिपका दिसला तरी मी सोडून देते.

लोखंडी किंवा प्लास्टिकचं घेतलं म्हणजे सुटलो का?

जवळजवळ. लाकूड खाणाऱ्यांपासून सुटलात. पण पोकळ पाइपच्या टोकांतून आणि वेल्डिंगच्या फटींतून ढेकूण व झुरळं राहतात. फायदा इतकाच की लोखंडाला वाफ मनसोक्त देता येते.

प्लायवूड, एमडीएफ यांना कीड लागते का?

प्लायवूडला लागते. थर कुठल्या लाकडाचे आणि त्यावर प्रक्रिया झाली होती का, यावर ते ठरतं. एमडीएफ आणि दाबलेल्या भुशाच्या फळ्यांच्या वाटेला भुंगेरे सहसा जात नाहीत. वाळवी मात्र खाते. त्यांचा मोठा शत्रू पाणी. तळाच्या कडा फुगल्या असतील तर किडीचा प्रश्नच बाजूला ठेवा, ती वस्तू तशीही टिकणार नाही.

मालवाहतुकीच्या पॅलेटच्या फळ्यांपासून केलेलं सामान हल्ली बरंच दिसतं. आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या नियमानुसार अशा लाकडाला गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसची उष्णता ३० मिनिटं द्यावी लागते, आणि तसा ‘एचटी’ असा शिक्का फळीवर असतो. ‘एमबी’ लिहिलं असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. ते लाकूड मी घरात वापरत नाही. एचटी शिक्का म्हणजे त्या दिवशी कीड मेली होती. नंतर लागलेल्या किडीची हमी तो देत नाही.

जुनी गादी चांगली स्थितीत असेल तर?

नको.

विकणाऱ्याला काय विचारावं?

"ढेकूण आहेत का?" असं विचारलं की उत्तर "छे!" असंच येतं. त्याऐवजी आडून विचारा. ही वस्तू कुठल्या खोलीत होती? झोपायच्या खोलीतली असेल तर तपासणी दुप्पट. किती दिवस गोदामात किंवा माळ्यावर पडून होती, आणि शेजारी काय ठेवलं होतं? कारण गोदामात एकाच्या सोफ्यातले ढेकूण दुसऱ्याच्या कपाटात जातात, मूळ घर कितीही स्वच्छ असलं तरी. घरात कुत्रा-मांजर आहे का? पिसवांचे कोश कापडाच्या तळाशी महिनोन्‌महिने गप्प पडून राहतात आणि माणसाची ऊब व हादरे जाणवले की एकदम फुटतात. आणि घरात अलीकडे पेस्ट कंट्रोल का करून घेतलं होतं? हा ‘का’ महत्त्वाचा.

रस्त्याच्या कडेला कुणी चांगली वस्तू फुकट ठेवली असेल तर?

भरीव लाकडाची किंवा लोखंडाची असेल तर मी थांबून बघते. कापडाची असेल तर नाही. धडधाकट सोफा कुणी रस्त्यावर का ठेवला असेल, याची काही उत्तरं निरागस असतात, काही नसतात, आणि विचारायला समोर मालक नसतो.

टेम्पोतून आणताना काही काळजी?

वस्तू उचलायच्या आधीच प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून चिकटपट्टीने बंद करा. त्याच फेरीत स्वतःच्या गाद्या-उशा आणू नका. टेम्पोत अंथरलेल्या जुन्या गोधड्या आणि गोणपाटं तुमच्या वस्तूला लागू देऊ नका, त्यांनी किती घरं बघितली आहेत कुणास ठाऊक.

घरी आणल्यावर आधी काय करायचं?

थेट खोलीत नेऊ नका. बाल्कनी, गच्चीचा आडोसा, गॅरेज, काहीच नसेल तर फरशीची मोकळी खोली. तिथे प्लास्टिक सोडा, सुटे होणारे भाग सुटे करा आणि मन लावून दुसऱ्यांदा तपासा. विकणाऱ्यासमोर बघताना घाई होते, इथे नाही. मग फटी आणि शिवणी व्हॅक्यूमच्या अरुंद तोंडाने ओढून घ्या आणि त्याची पिशवी लगेच बांधून घराबाहेर टाका. कुशनची खोळं ६० अंशांच्या पाण्यात धुऊन, ड्रायर असेल तर कमाल उष्णतेवर किमान ३० मिनिटं फिरवा.

"पंधरा दिवस बाहेर ठेवलं की ढेकूण उपाशी मरतात" हे मात्र खरं नाही. घरातल्या नेहमीच्या तापमानाला ढेकूण रक्ताशिवाय काही महिने काढतो, थंड जागी वर्षभराच्या आसपासही. वस्तू वेगळी ठेवायची ती मारण्यासाठी नाही, लक्ष ठेवण्यासाठी. लाकडी वस्तूखाली काळा कागद, कापडी वस्तूच्या पायांखाली गुळगुळीत उभ्या कडांच्या प्लास्टिकच्या वाट्या, आत थोडी टाल्कम पावडर. ढेकूण उडत नाही, उड्या मारत नाही आणि गुळगुळीत उभ्या भिंतीवर चढू शकत नाही, त्यामुळे खाली उतरला की वाटीत अडकतो.

कडक उन्हात ठेवून ढेकूण मरतील का?

वरवरचे मरतील, आतले आत सरकतील. ४५ अंश सेल्सिअसला मोठा ढेकूण मरायला सुमारे दीड तास लागतो आणि अंड्यांना ७ तास. ४८ अंशांना अंडीही साधारण सव्वा तासात मरतात. प्रश्न असा की एवढं तापमान सोफ्याच्या पोटात पोचायला हवं. वरचं कापड हाताला चटका देत असतानाही फोमच्या आतला लाकडी दांडा कोमट असतो.

वाफ जास्त भरवशाची. कपड्यांच्या नव्हे, सफाईच्या वाफयंत्राने. पृष्ठभाग ७०-८० अंशांपर्यंत तापायला हवा, म्हणून तोंड अगदी जवळ धरून शिवणीवरून गोगलगायीच्या चालीने न्यायचं. घाई केली आणि वाफेचा झोत जोरात सोडला की ढेकूण भाजण्याऐवजी उडून खोलीभर पडतात, हे मी स्वतः करून बसलेय. पॉलिश, व्हिनिअर आणि जुन्या सरसाचे सांधे वाफेने उकलतात, तिथे जपून.

लहान वस्तू असेल तर गोठवता येते: पिशवीत बंद करून उणे १८ अंशांत किमान चार दिवस. छोट्या लाकडी वस्तूंतली कीड मारायला संग्रहालयंही हाच मार्ग वापरतात, फक्त त्यांचे फ्रीझर आपल्यापेक्षा बरेच थंड असतात.

रॉकेल, उकळतं पाणी, फवारे, डांबराच्या गोळ्या?

रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट फर्निचरवर ओतू नका. ढेकूण मारायच्या नादात घरांना आगी लागल्या आहेत. उकळतं पाणी लोखंडी पलंगाला ठीक, प्लाय आणि सरसाच्या सांध्यांना नाही. खोलीत धुकं सोडणारे डबे फटींत पोचत नाहीत, उलट ढेकूण पांगतात. ढेकणांच्या अनेक वसाहती नेहमीच्या पायरेथ्रॉइड औषधांना दाद देत नाहीत, म्हणून "जास्त मारू" हा उपाय नाही. बोरिक पावडर झुरळांवर चालते, कारण झुरळ अंग चाटतं आणि ती पोटात जाते. ढेकूण रक्ताशिवाय काही खात नाही, त्याला तिचं काय! डांबराच्या गोळ्या हवाबंद पेटीतल्या लोकरी कपड्यांसाठी आहेत. सोफ्यात ठेवल्या तर सोफ्याला वास येतो, आणि लहान मुलाने तोंडात घातली तर विषबाधा.

एक गोष्ट मात्र आवाज चढवून सांगते. धान्य साठवताना वापरायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात, कपाटात, बंद खोलीत, कुठेही वापरू नका. हवेतल्या दमटपणाने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो भिंतींच्या फटींतून शेजारच्या खोलीत जातो आणि झोपेतली माणसं त्याने मरण पावली आहेत. कुणी "माझ्याकडे जालीम गोळी आहे" म्हणालं तर हीच असण्याची शक्यता धरून नकार द्या.

भुंगेरे लागलेलं लाकूड वाचवता येतं का?

बऱ्याचदा येतं, आणि हे काम मला आवडतं. आधी लाकूड ताकदीचं उरलंय का ते बघा. पाय किंवा सांधा पोखरला असेल तर सुताराकडून तेवढा भाग बदलून घ्या. मग जुनं पॉलिश घासून लाकूड उघडं करा. मग बोरेटचं, म्हणजे कीड मारणाऱ्या बोरॉनच्या क्षाराचं, द्रावण लावा. ते उघड्या लाकडातच मुरतं, पॉलिशवर मारलं तर ओघळून जातं. दोन-तीन हात द्या, भोकांत सिरिंजने सोडा, पूर्ण वाळू द्या. शेवटी भोकं मेणाने बुजवा आणि सगळ्या बाजूंना पॉलिश करा, पाठीलाही, तळालाही. लिक्टसची मादी उघड्या लाकडाच्या छिद्रांत अंडी घालते. छिद्रं बंद असली की तिला जागा मिळत नाही. भोकं मुद्दाम बुजवायची, म्हणजे पुढे नवं भोक पडलं तर लगेच दिसतं.

जुना फ्रिज, मायक्रोवेव्ह यांतून झुरळं येतात म्हणे?

हो, आणि फर्निचरपेक्षा जास्त. फ्रिजच्या मागे मोटरपाशी ऊब असते. मागचं झाकण उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. छोट्या तपकिरी जर्मन झुरळाच्या एका अंडीपेटीत ३० ते ४० पिल्लं असतात. पट्टेवालं आणखी एक झुरळ कोरड्या, उंच जागी राहतं आणि अंडीपेट्या फर्निचरच्या तळाला चिकटवतं. टेबलाखाली तपकिरी, फुगीर, दाण्याएवढी पेटी दिसली तर ती खरवडून चिरडून टाका.

ड्रॉवरमध्ये उंदराच्या लेंड्या सापडल्या.

कोरड्या झाडू नका, व्हॅक्यूमही नको. धूळ नाकात जाते. हातमोजे घालून जंतुनाशकाने भिजवा, पाच मिनिटं थांबा, कागदाने उचलून पिशवीत बांधा, मग पुसून घ्या. लाकडाला मुताचा वास मुरला असेल तर तो जन्मभर पुरतो, एवढं गृहीत धरून ठरवा.

वस्तू आणून झाली आणि अंगावर गांधी उठू लागल्या. आता?

आधी खात्री करा. गांधी डासांच्याही असतात, आणि ढेकूण चावल्याची खूण उठायला कुणाला चौदा दिवसही लागतात, कुणाला ती उठतच नाही. एक ढेकूण चिकटपट्टीवर पकडा. कीडनियंत्रण करणाऱ्यांना तो दाखवला की अंदाजपंचे औषध मारणं टळतं. वस्तू या खोलीतून त्या खोलीत नेऊ नका, आणि स्वतः दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नका, ते मागोमाग येतात. वस्तू जागेवरच गुंडाळा, पलंग भिंतीपासून दूर सरकवा आणि माणूस बोलवा. एका फवारणीत काम होत नाही. अंडी साधारण आठवडा ते दहा दिवसांत फुटतात, त्यामुळे दुसरी फेरी धरूनच बोला.

आपल्याच सामानात ढेकूण निघाले आणि ते टाकायचं असेल तर?

कापड फाडा, फोम कापा, प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि वर मोठ्या अक्षरांत "ढेकूण" लिहा. लाज वाटते, पण न लिहिता ठेवलं तर संध्याकाळपर्यंत कुणीतरी हौसेने उचलून नेतं.

ती खुर्ची शेवटी टाकली का?

कापड आणि फोम टाकला, लिहून. सांगाडा ठेवला. तो चांगल्या गडद गाभ्याच्या लाकडाचा होता, आणि माझा राग ढेकणांवर होता, खुर्चीवर नाही. सगळे स्क्रू काढून भोकाभोकात वाफ दिली, मग तो दोन महिने बाल्कनीत वाट्यांवर उभा होता. वाट्या रिकाम्याच राहिल्या. बसायला आता साधी लाकडी फळी आहे, खाली वाकून बघितलं की सगळं दिसतं. पाठीच्या वरच्या कडेला तीन काळे ठिपके घासूनही निघाले नाहीत. ते पॉलिशखाली आहेत, आणि घरी आलेल्या माणसाला मी सांगेपर्यंत ते लाकडाचीच खूण वाटतात.